पोटाच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी

[दृश्य: टेबलावर जाडजूड फाईल, औषधांनी भरलेली पिशवी, एक कोरी वही.]

निवेदन:

फाईल आहे, पिशवी आहे. तरी खुर्चीत बसल्यावर तोंडातून निघतं ते एवढंच: "डॉक्टर, पोटाचा त्रास आहे."

यावरून काही कळत नाही. अन्ननलिका, जठर, आतडी, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड हा सगळा मुलूख पोटविकारतज्ज्ञांचा, म्हणजे गॅस्ट्रोएन्टेरोलॉजिस्टचा. त्यात दुखणं एकीकडे आणि कळ दुसरीकडे, हे नेहमीचंच. पित्ताशयाची कळ उजव्या खांद्यापर्यंत जाते, स्वादुपिंडाची आरपार पाठीत.

साध्या जळजळीला किंवा दोन दिवसांच्या जुलाबांना फॅमिली डॉक्टर पुरतात. पण घास अडकायला लागला, काही न करता वजन उतरलं, शौचातून रक्त गेलं, रक्तातलं लोह का कमी होतंय ते कळेना, जुलाब झोपेतून उठवायला लागले, की तज्ज्ञ हवा. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्रास नसतानाही एकदा विचारून घ्यावं. रक्ताची उलटी झाली किंवा मळ डांबरासारखा काळा, चिकट आणि सोबत चक्कर येत असेल, तर मात्र अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही. सरळ इमर्जन्सी गाठायची.

[दृश्य: दवाखान्याच्या दारावरची नावाची पाटी, पदव्यांची लांब ओळ.]

तज्ज्ञ सगळे सारखे नसतात. सिरोसिस (यकृत कडक होत जाणं) किंवा जुनी हेपॅटायटिस (यकृताची सूज) असेल, तर यकृताचं काम रोज करणारा हेपॅटॉलॉजिस्ट बरा. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारे आजार, यांसाठी असे रुग्ण वर्षानुवर्षं सांभाळणारे डॉक्टर शोधावेत, कारण हे नातं एका भेटीपुरतं नसतं. खड्यांच्या बाबतीत घोळ हमखास होतो. पित्ताशयातला त्रास देणारा खडा हे सर्जनचं काम. तोच खडा घसरून पित्तनलिकेत अडकला, तर तो बहुतेक वेळा दुर्बिणीतून काढतात. त्याला ईआरसीपी म्हणतात आणि ती सगळेच पोटविकारतज्ज्ञ करत नाहीत.

कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करायची असेल, तर दोन प्रश्न बेधडक विचारावेत. शंभरातल्या किती तपासण्यांत दुर्बीण मोठ्या आतड्याच्या पार टोकाला, सीकमपर्यंत पोहोचते? नव्वदच्या खाली उत्तर आलं, तर दुसरीकडे चौकशी करावी. आणि दुर्बीण बाहेर काढताना किती वेळ देता? बारकाईने बघणं होतं ते आत जाताना नव्हे, परत येताना, एकेक घडी उलगडत. त्याला निदान ६ मिनिटं हवीत, अलीकडच्या शिफारशी ८ मिनिटं म्हणतात. घाईत काढलेली दुर्बीण सपाट पॉलिपवरून, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या वाढीवरून, तशीच पुढे जाते.

[दृश्य: वहीचं पान जवळून. पेनने लिहिलेली एक नोंद.]

आता वही. भेटीआधीचे दोन आठवडे पुरतात. "त्रास झाला" ही नोंद नव्हे. "रात्री २ वाजता जाग. कळ बेंबीच्या वर, ४० मिनिटं. शौचाला जाऊनही थांबली नाही." ही नोंद. शौचानंतर दुखणं कमी होतं की वाढतं, यावर डॉक्टर बराच अंदाज बांधतात. मळाचं वर्णन करायला लाज वाटते, त्यासाठी ब्रिस्टल तक्ता आहे: १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ७ म्हणजे नुसतं पाणी, ३ आणि ४ ठीक. आकडा सांगितला की काम झालं.

औषधांची नुसती नावं नकोत, पाकिटंच न्या. सांधेदुखीची गोळी, अ‍ॅस्पिरिन, "नैसर्गिक आहे" म्हणून घेतलेलं चूर्णसुद्धा. दुखण्याच्या गोळ्यांनी अल्सर होतो आणि काही वनस्पतींच्या औषधांनी यकृत बिघडतं, पण त्यांना औषध समजतच नसल्याने त्या सांगायच्या राहून जातात.

आणि तपासणी फसते ती बहुधा आपण भल्या हेतूने केलेल्या उपायांनी. गव्हाने त्रास होतो म्हणून गहू बंद केला आणि मग सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतडं बिघडवणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी केली, तर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. तपासणी होईपर्यंत गहू चालू हवा. जठरातल्या हेलिकोबॅक्टर या जंतूच्या श्वासचाचणीचंही तसंच: अ‍ॅसिड कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद नसतील, तर जंतू पोटात असूनही सापडत नाहीत. गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांनी ठरवायचं. रक्त पातळ करणारी गोळी तर मनाने एक दिवसही चुकवायची नाही.

[दृश्य: पाण्यात विरघळणारी पावडर, भिंतीवरचं घड्याळ.]

कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायचं औषध दोन हप्त्यांत घेतात. अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी. पहाटेचा हप्ता लोकांना नकोसा वाटतो. पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त मिसळलेला चिकट स्राव उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर थर धरतो. सपाट पॉलिप लपतात ते त्याच थराखाली. शेवटी पडणारं पाणी पिवळसर आणि आरपार दिसणारं हवं. तपकिरी, गढूळ असेल तर आधी फोन करा. लोहाच्या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवायला सांगतात, त्या मळ काळा आणि चिवट करतात. मधुमेहाची औषधं किंवा वजन कमी करण्याची इंजेक्शनं चालू असतील, तर तारीख ठरवतानाच सांगा. यांतली काही इंजेक्शनं जठर रिकामं व्हायला वेळ लावतात आणि गुंगीत असताना पोटातलं श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

गुंगीचं औषध दिलं, तर २४ तास गाडी चालवायची नाही, सह्या करायच्या नाहीत. सोबत माणूस लागतो तो केवळ घरी पोहोचवायला नव्हे. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर काय दिसलं ते सांगतात, रुग्ण मान डोलावतो आणि तासाभराने त्यातलं निम्मं आठवत नाही. तुकडा तपासायला पाठवला का, अहवाल कधी येणार आणि तो कोण समजावणार, पॉलिप निघाला तर पुढची तपासणी किती वर्षांनी, हे तिथेच विचारून लिहून घ्यावं लागतं.

[दृश्य: तीच वही. शेवटच्या पानावर वेगळं अक्षर.]

म्हणून त्या दिवसाचं पान सोबत आलेल्या माणसाच्या अक्षरात असतं.