होर्मुझचा घोडा, डिचोलीचा पंप

(डिचोलीतल्या एका वाचनालयाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मला यायला दहा मिनिटं उशीर झाला, कारण मी स्टँडवर पायलटाशी, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्याशी, भांडत होतो. म्हापशाच्या बसमधून उतरलो, समोर पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन तो उभा. नेहमीपेक्षा दहा रुपये जास्त सांगितले. का, विचारलं तर म्हणाला, "सर, पेट्रोल." त्या एका शब्दात त्याच्या मते सगळं आलं होतं. मी तीस वर्षं बारावीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवलं, मला एक शब्द कसा पुरेल? मी वाद घातला. मग त्यानं मला हिशेब दिला: "पयलीं शंबरांत सांखळेच्यो पांच फेऱ्यो जाताल्यो. आतां तीनूय जायनात."

मागच्या सीटवर बसल्याबसल्या मी तो हिशेब तपासला. 'पयलीं' म्हणजे त्याच्या डोक्यात २०१२ साल असणार. तेव्हा पंचावन्न रुपयांनी शंभरात पावणेदोन लिटरच्या वर मिळायचं. साखळीला जाऊन-येऊन सोळाएक किलोमीटर, गाडीचं मायलेज पंचेचाळीस धरा. पाच फेऱ्या होतात. लिटर शहाण्णवच्या आसपास गेला की तीनला थोडं कमी पडतं. माणूस दशांश चिन्हापर्यंत बरोबर होता. दहा रुपये मात्र मी दिले नाहीत.

आजचा विषय संयोजकांनी दिला तो 'इंधन दरवाढ आणि जनतेचा संताप'. संताप आहेच. तो नेहमी जवळच्या माणसावर निघतो, हे मी वयाच्या एकविसाव्या वर्षी शिकलो. तेव्हा मी पंपावर हिशेब लिहायला होतो. साल १९९०. २ ऑगस्टला इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं आणि आमच्या पंपावर दुसऱ्याच आठवड्यात रांग लागली. गोव्यातल्या किती घरांतून कुणी ना कुणी कुवेतला होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. आमचा एक मेहुणा तिथंच. पंपावर रांगेत उभे असलेले निम्मे लोक पेट्रोलपेक्षा बातमीसाठी थांबायचे. एअर इंडियानं अम्मानमार्गे पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं परत आणली, त्यात तो आला. अंगावरचे कपडे आणि एक बॅग. आल्यावर चौथ्या दिवशी हातात डबा घेऊन आमच्याच पंपावर रांगेत उभा. त्याला दोन लिटरच्या वर देता येत नव्हतं, मालकाचा हुकूम. मी विचारलं, तिथं लिटरला किती पडायचं? त्याला आठवेना. म्हणाला, तिथं कधी दर विचारलाच नाही.

त्या दिवसांतली मला सगळ्यात जास्त आठवते ती डिपची काठी. पंपावर काम केलेले कुणी असतील तर ओळखतील. सकाळी टाकीत खुणांची सळी सोडायची, वर काढायची, ओल कुठपर्यंत आली ते बघायचं, तक्त्यावरून लिटर काढायचे आणि वहीत लिहायचे. आमच्याकडे एरवी तीन-चार दिवसांचा साठा असे. त्या आठवड्यात सकाळी डिप घेतली तर साठा भरपूर, आणि रात्री नऊला सळी जवळजवळ कोरडी. टँकर तर रोजच्यासारखे वास्कोहून आले होते. मग पेट्रोल गेलं कुठं?

ते गेलं तुमच्या-आमच्या टाक्यांत. स्कूटरवाला एरवी एक लिटर घालून जातो. त्याच्या टाकीत पाच-सहा लिटर मावतात. अफवा उठली की तोच माणूस काठोकाठ भरतो, घरी जाऊन भावाची गाडी घेऊन येतो. गावातल्या सगळ्या गाड्या एकाच संध्याकाळी भरल्या तर चार दिवसांचा माल एका संध्याकाळीच संपणार. खपलेलं नसतं, नुसतं जागा बदलून बसलेलं असतं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा संप झाला, शेजारी महाराष्ट्रात पंपांवर हेच झालं. देशात तेल होतं. तुटवडा दोन दिवसांत रांगेनंच तयार केला. आणि शिव्या कुणाला? पाइप हातात घेतलेल्या पोराला. १९९० मध्ये एका गृहस्थानं आमच्या पोराच्या कानाखाली वाजवली होती, 'स्टॉक नाही' अशी पाटी लावली म्हणून. पाटी मी लिहिली होती.

आता थोडं लांब जाऊ. ज्या सामुद्रधुनीचं नाव प्रत्येक तेलसंकटात ऐकू येतं, ते होर्मुझ. इराण आणि ओमान यांच्या मधला पाण्याचा चिंचोळा रस्ता, सगळ्यात अरुंद जागी तेहतीस किलोमीटर. त्यातही मोठ्या जहाजांना जायला तीन किलोमीटरचा एक पट्टा आणि यायला तेवढाच दुसरा. जगात रोज जाळल्या जाणाऱ्या तेलाचा पाचवा हिस्सा, सुमारे दोन कोटी पिंपं, २०२४ मध्ये या पट्ट्यांतून सरकत होता. एका पिंपात १५९ लिटर. आपण वापरतो त्या शंभर लिटर कच्च्या तेलातले पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून येतात. म्हणून जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण युद्धाचे ते बारा दिवस चालले, इराणच्या संसदेनं सामुद्रधुनी बंद करायच्या बाजूनं मत दिलं, तेव्हा तिथं एकही जहाज बुडायच्या आधी बाजारात तेल महागलं. बाजार भीतीचाही भाव लावतो.

पण होर्मुझ आपल्याला नवीन नाही हो. पोर्तुगीज सेनापती आफोंस द आल्बुकेर्क पहिल्यांदा तिथल्या होर्मुझ बेटावर गेला १५०७ मध्ये, गोवा घेतला १५१० मध्ये, आणि होर्मुझ पक्कं हाताखाली आणलं १५१५ मध्ये. तिथून परत येताना त्याच वर्षी डिसेंबरात गोवा डोळ्यांसमोर दिसत असताना तो जहाजावरच मेला. त्याला ही दोन्ही ठिकाणं एकत्र का हवी होती? घोड्यांसाठी. अरबी घोडा होर्मुझहून समुद्रमार्गे गोव्याला यायचा आणि इथून घाट चढून विजयनगरला, विजापूरला जायचा. दख्खनमध्ये चांगला घोडा पैदा होत नाही आणि घोड्याशिवाय सैन्य चालत नाही. म्हणजे त्या काळचं आयात इंधनच म्हणा. घोड्यांवरची जकात ही गोव्याच्या तिजोरीतली मोठी आवक होती. सोळाव्या शतकापासून या किनाऱ्यावरचं सरकार बाहेरून येणाऱ्या वेगावर कर बसवून जगत आलंय, हे मला फार गमतीचं वाटतं.

विजयनगरला राहिलेल्या एका पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की तिथला राजा नरसिंह घोडे जिवंत असोत की मेलेले, विकत घेई. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपूट आणून दाखवली तरी जिवंत घोड्याचे पैसे मिळत. विचार करा, वाटेतली सगळी जोखीम गिऱ्हाइकाच्या माथ्यावर. व्यापारी निवांत. जहाजाचा विमा महागला, युद्धाची भीती वाढली, रुपया घसरला, यातली एकूण एक शेपूट आज कोण विकत घेतंय ते तुम्हाला ठाऊक आहे.

इथपर्यंत आपल्या हातात काही नव्हतं. आता हातातलं बघू.

आपला पाडेली माडावर हळूहळू चढतो आणि नारळ धाडकन खाली येतो. पेट्रोलच्या दराचं उलट आहे. तो चढतो धाडकन आणि उतरायची वेळ आली की पाडेल्यासारखा एकेक पाय चाचपत येतो, कधी कधी अर्ध्यावरच बसून राहतो. २०१४ च्या मध्याला कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये तीसच्या खाली आलं. आपल्या पंपावर ते तितकं का उतरलं नाही? कारण त्या दीड वर्षात केंद्रानं अबकारी कर नऊ वेळा वाढवला, पेट्रोलवर मिळून लिटरला ११ रुपये ७७ पैसे. २०२० मध्ये पुन्हा तेच. टाळेबंदीत तेल मातीमोल झालं, अमेरिकेत तर २० एप्रिलला एक दिवस ते शून्याच्याही खाली गेलं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पेट्रोलवर एकदम दहा रुपये कर चढला. केंद्राचा कर मग झाला लिटरला ३२ रुपये ९८ पैसे. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये तो कमी केला, पहिल्या वेळी तर दिवाळीची भेट म्हणून आपण आनंद मानला. दिलं ते आपलंच होतं, आणि त्यातलंही सगळं नाही.

मे २०२२ नंतर केंद्राचे उरले १९ रुपये ९० पैसे. त्यातला राज्यांशी वाटून घ्यायचा मूळ कर होता फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सगळे अधिभार आणि उपकर, ते वाटायचे नसतात. त्यामुळे राज्य म्हणतं, आमचा व्हॅट हाच आमचा आधार. हे खोटं नाही. पण व्हॅटची खोड वेगळी आहे. केंद्राचा कर लिटरमागे ठरलेला असतो, राज्याचा टक्क्यांत. आणि ते टक्के केंद्राच्या करासकट आणि पंपवाल्याच्या कमिशनसकट सगळ्या रकमेवर लागतात. कच्चं तेल महागलं की राज्याला काही न करता जास्त पैसे मिळतात. दरवाढीबद्दल खंत व्यक्त करणाऱ्या प्रत्येक राज्य सरकारच्या खिशात तेव्हा गुपचूप थोडी भर पडत असते. पक्ष कुठलाही असो.

गोव्यानं एकदा हे मोडून दाखवलं. मार्च २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि एप्रिलच्या सुरुवातीला पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून थेट ०.१ टक्क्यावर आणला. लिटरला अकरा रुपये उतरले. दोडामार्ग, सावंतवाडीच्या गाड्या सीमा ओलांडून आपल्या पंपांवर आल्या, त्यांच्या नंबरप्लेटी आठवतात मला. मी तेव्हा वर्गात पोरांना म्हटलं होतं, कर हा शासनाचा निर्णय असतो, हवामान नव्हे, याचा इतका स्वच्छ पुरावा पुन्हा मिळणार नाही. मग त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद पडल्या. डिचोली, साखळी, उसगावचे टिपर उभे राहिले, इथल्या पंपांवर डिझेलची विक्री आपटली आणि सरकारची मोठी आवकही थांबली. पुढे तेल स्वस्त होत गेलं तसा तो व्हॅट हळूहळू परत वर चढला. जून २०२४ मध्ये आणखी रुपयाभर. कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही, कारण रुपयासाठी कोण मोर्चा काढतो?

आणि आता सगळ्यात करमणुकीचा भाग. कागदोपत्री पेट्रोल २०१० पासून सरकारच्या नियंत्रणाखाली नाही, डिझेल २०१४ पासून. जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला बदलायचा, बाजाराप्रमाणे. ठीक. नोव्हेंबर २०२१ च्या कपातीनंतर हा रोज बदलणारा दर १३७ दिवस हललाच नाही. मध्ये काय होतं? १४ फेब्रुवारी २०२२ ला आपलं मतदान, आणखी चार राज्यांत निवडणुका, १० मार्चला निकाल. त्याच काळात रशियानं युक्रेनवर चाल केली, मार्चमध्ये कच्चं तेल १३० डॉलरच्या पुढं जाऊन आलं. आपल्या पंपावर शांत. २२ मार्चला दराला जाग आली आणि सोळा दिवसांत चौदा वेळा वाढून लिटर दहा रुपयांनी महाग झाला. आमच्या शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाजारालाय आचारसंहिता असता काय रे?" तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं इतका चांगला प्रश्न विचारला नाही.

सरकारनं लोकांना धक्क्यापासून वाचवावं, या मताचा मी आहे. वाचवायचं असेल तर उघड वाचवा. इतके महिने दर धरून ठेवू, तोटा अमुक इतका, भरपाई तमुक खात्यातून, असं सांगा. आत्ता होतं काय, सरकारच्या तीन तेल कंपन्या २०२२ मध्ये तोट्यात गेल्या आणि २०२३-२४ मध्ये तिघींनी मिळून ८० हजार कोटींच्या वर नफा कमावला. म्हणजे कच्चं तेल उतरल्यावर दर धरून ठेवून आधीचं वसूल झालं. वसूल आपल्याकडूनच. फक्त पावती नाही.

राखीव साठ्याबद्दल कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय. आहे साठा. कोकण रेल्वेनं मंगळुरूला जाता ना, त्याच बाजूला. मंगळुरू आणि उडुपी जिल्ह्यातलं पाडूर इथं, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर विशाखापट्टणमला, खडकात खोल गुहा खोदून तेल ठेवलंय. तिन्ही मिळून ५३ लाख टनांची जागा, काठोकाठ भरली तर देशाला नऊ-साडेनऊ दिवस पुरेल. शिवाय कंपन्यांचे स्वतःचे साठे वेगळे. नऊ दिवस थोडे वाटतात, पण आमच्या पंपावर चार दिवसांचाच असायचा आणि आम्ही निवांत झोपायचो.

दुसरी चिठ्ठी पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलची, मायलेज कमी झालं का म्हणून. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळलं की नुसत्या गणितानं सहा-सात टक्के फरक येतो, तुमचं इंजिन कसं आहे त्यावर तो कमी भरेल. पण लिटर स्वस्त झाला का, हा माझा प्रश्न, आणि तो पंपावरच्या पोराला विचारू नका.

त्याला एवढंच सांगा, पाच लिटरचं माप आण, माझ्यासमोर ओत. तो तुमचा हक्क आहे, आणि चांगला पंपवाला कुरकुर न करता आणतो. बाकीचे प्रश्न पर्वरीत विधानसभेच्या इमारतीत विचारायचे आहेत. पेट्रोल आणि डिझेलच्या व्हॅटमधून गेल्या वर्षी किती आले, हा आकडा तुमच्या आमदाराला अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी विचारा. मी आमच्या आमदाराला विचारला होता. त्यानं मला चहा पाजला.

बरं, अध्यक्ष घड्याळ बघताहेत. तो पायलट खाली थांबलाय, मी त्याला परतीलाही थांब म्हटलं होतं. सकाळचे दहा आणि आत्ताचे दहा असे वीस रुपये होतात. कुणाकडे सुट्टे असतील तर बघा.