व्हिडिओ छोटा करा, डाउनलोड रात्री लावा, पण सॉफ्टवेअर खऱ्या पत्त्यावरूनच घ्या

नमस्कार श्रोतेहो. आज दोन कामांबद्दल बोलायचंय आणि दोन्ही फुकटात होणारी आहेत. एक म्हणजे व्हिडिओची फाइल छोटी करणं, आणि दुसरं म्हणजे मोठं डाउनलोड आपल्या सोयीच्या वेळेला, शक्यतो रात्री, आपोआप सुरू होईल असं लावून ठेवणं. फोनचं स्टोरेज भरतं, २५ एमबीच्या वरचं अटॅचमेंट जीमेलवरून तसंच्या तसं जात नाही, दिवसा मोठं डाउनलोड लावलं की घरातल्या बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल अडकायला लागतात, हे सगळं तुम्ही रोज बघता, ते मी परत सांगत बसत नाही.

व्हिडिओसाठी मी एकच नाव सांगणार, हँडब्रेक. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, पैसे मागत नाही, जाहिराती नाहीत, व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाही, आणि ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. ऑनलाइन व्हिडिओ छोटा करून देणाऱ्या वेबसाइट भरपूर आहेत, पण तिथे तुमचा व्हिडिओ आधी दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो. लहान मुलांचे, घरातले, आजारपणातले व्हिडिओ असे कुठेही चढवू नयेत असं माझं ठाम मत आहे. कॉम्प्युटर आपला आहे, काम त्याच्यावरच होऊ दे, थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल.

आता पत्ता लिहून घ्या. हँडब्रेक डॉट एफआर. डॉट कॉम नाही, डॉट एफआर, एफ फॉर फ्रान्स, आर फॉर रेडिओ. परत सांगतो, हँडब्रेक डॉट एफआर. सर्चमध्ये नाव टाकून जी पहिली लिंक दिसेल ती दाबू नका, कारण सगळ्यात वर बऱ्याचदा जाहिराती असतात. पत्ता स्वतः टाइप करा.

पत्त्यावर एवढा जोर का देतोय, आणि नुसता पत्ता बरोबर असूनही का भागत नाही, तर त्यामागे एक खरी घडलेली गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

२००३ सालची सुरुवात. एरिक पेटी नावाच्या प्रोग्रॅमरनं हँडब्रेकचं पहिलं रूप लिहिलं, तेही विंडोजसाठी नाही, मॅकसाठी नाही, तर बीओएस नावाच्या एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, जी बनवणाऱ्या कंपनीचा कारभार तोवर आटोपलेलाही होता. पुढे ते मॅकवर आलं, मग बाकीच्यांवर, माणसं जोडली गेली, काही गेली, नवी आली, आणि इतकी वर्षं लोक जगभर ते वापरत होते तरी त्याचा आवृत्ती क्रमांक शून्य पॉइंट काहीतरीच होता. शेवटी १.० कधी आलं माहितीय? २४ डिसेंबर २०१६ ला. तेरा वर्षांनी! हल्ली दोन महिन्यांत अ‍ॅप बाहेर काढतात आणि सहा महिन्यांत बंद करतात, त्या काळात तेरा वर्षं नेटानं काम करून मगच एक नंबर लावणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो, असो.

तर १.० येऊन जेमतेम चार महिने झालेले. २ मे २०१७. हँडब्रेकची फाइल दोन सर्व्हरवरून मिळायची, त्यातल्या एकात कुणीतरी घुसलं आणि मॅकची खरी फाइल काढून तिथे भेसळ केलेली फाइल ठेवून दिली. वेबसाइट तीच, बटण तेच, नाव तेच. तुम्हाला खरी फाइल मिळणार की खोटी, हे कुठल्या सर्व्हरकडे पाठवले जाता त्यावर, म्हणजे पन्नास-पन्नास टक्के. ६ मे पर्यंत हे चालू होतं.

ती खोटी फाइल उघडली की हँडब्रेक चालू व्हायचं, अगदी नेहमीसारखं. फक्त आधी एक खिडकी यायची, की जास्तीचे कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडून वाचणारे छोटे प्रोग्रॅम, इन्स्टॉल करायचेत, पासवर्ड टाका. आता इथे लक्ष द्या. हँडब्रेकला कोडेक बाहेरून आणावे लागत नाहीत, ते त्याच्या पोटातच असतात. पण किती जणांना हे माहीत असणार? माणूस कामात असतो, पासवर्ड मागितला, दिला. आणि पासवर्ड दिला की प्रोटॉन नावाचा ट्रोजन, म्हणजे भल्या प्रोग्रॅमच्या वेषात शिरणारा चोर प्रोग्रॅम, मशीनमध्ये, साठवलेले पासवर्ड, फाइली, सगळं त्याच्या हातात.

आणि हे फक्त नवशिक्यांचं झालं असं नाही हं. पॅनिक नावाची मॅकसाठी सॉफ्टवेअर बनवणारी जुनी, नावाजलेली कंपनी आहे. तिच्या दोन संस्थापकांपैकी एकानं नेमकी त्या चार-पाच दिवसांतच ही फाइल उतरवली. म्हणजे ज्याचं आयुष्य मॅकचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेलंय, त्याच्यासमोर ती खिडकी आली आणि त्यानं पासवर्ड टाकला. चोरांनी त्याच्या मशीनमधून कंपनीच्या काही अ‍ॅप्सचा सोर्स कोड पळवला आणि मग बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली, नाहीतर कोड सगळीकडे पसरवू म्हणून. कंपनीनं काय केलं? पैसे दिले नाहीत, आणि काय झालं, कसं झालं, काय चोरीला गेलं, ग्राहकांची माहिती गेली नाही असं आम्हाला का वाटतं, हे सगळं स्वतःच जाहीर लिहून टाकलं. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, पण उघड सांगितल्यामुळे बाकीचे सावध झाले. हँडब्रेकवाल्यांनीही तेच केलं, तारखा आणि वेळेसकट जाहीर करून टाकलं की या या काळात मॅकवर उतरवलं असेल तर तपासा आणि सगळे पासवर्ड बदला.

तर यातून दोन गोष्टी पाठ करून ठेवा. व्हिडिओ छोटा करणारं सॉफ्टवेअर चालू झाल्यावर मध्येच कॉम्प्युटरचा पासवर्ड मागत असेल तर थांबा. परत सांगतो, कोडेकसाठी पासवर्ड मागितला तर थांबा. आणि दुसरी गोष्ट, चेकसम. डाउनलोडच्या पानावर एसएचए २५६ म्हणून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ मिळते, ती त्या फाइलची ओळख असते. विंडोजवर पॉवरशेल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून गेट, मध्ये छोटी रेघ, फाइलहॅश असं लिहायचं आणि पुढे फाइल ओढून टाकायची, तशीच ओळ तुमच्या फाइलची निघते. दोन्ही जुळल्या तर फाइल तीच, एक अक्षर जरी वेगळं असलं तर डिलीट. त्या मे महिन्यात ज्यांनी हे जुळवून बघितलं ते वाचले.

वेळ बराच गेला, आता वापर पटकन सांगतो. हँडब्रेकमध्ये व्हिडिओ ओढून टाका, प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, म्हणून फास्ट १०८०पी३० निवडलेलंच असतं ते राहू द्या, सेव्ह कुठे करायचं ते सांगा आणि स्टार्ट. बस. फाइल अजून छोटी हवी असेल तर व्हिडिओच्या टॅबमध्ये आरएफ नावाचा आकडा आहे, आणि तो उलटा चालतो: आकडा वाढवला की फाइल छोटी आणि चित्र थोडं खराब, आकडा कमी केला की चित्र चांगलं आणि फाइल मोठी. १०८०पी साठी २० ते २४ च्या मध्ये राहा. मोठी फाइल असेल तर पूर्ण लावायच्या आधी रेंजमध्ये सेकंद निवडून एक मिनिटाचा तुकडा करून बघा, म्हणजे दोन तास थांबून निराश व्हायला नको. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ परत छोटा करायला जाऊ नका, तो आधीच पिळलेला असतो, कधीकधी उलट फाइल मोठी होऊन बाहेर येते. मूळ व्हिडिओ नवीन फाइल शेवटपर्यंत बघितल्याशिवाय पुसायचा नाही, आणि नवीन फाइलला नीट नाव द्या, तारीख, प्रसंग, माणसं. "फायनल", "फायनल२" असली नावं ठेवून पाच वर्षांनी आपलीच माणसं आपल्याला सापडत नाहीत. बरेच व्हिडिओ असतील तर सगळे क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाका आणि काम झाल्यावर शटडाउन निवडून झोपून जा.

आता रात्रीचं डाउनलोड. त्यासाठी डाउनलोड सांभाळणारं सॉफ्टवेअर लागतं, फ्री डाउनलोड मॅनेजर घ्या किंवा पर्सेपोलिस घ्या. पर्सेपोलिस ओपन सोर्स आहे, फ्री डाउनलोड मॅनेजर फुकट असलं तरी आताचं ओपन सोर्स नाही, पण नवख्याला ते जास्त सोपं जातं. दोन्हीत शेड्युलर आहे, लिंक टाकायची, सुरू व्हायची वेळ सांगायची. आणि इथेही नुसत्या पत्त्यावर विसंबू नका बरं का, २०२३ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या लोकांनी शोधून काढलं की २०२० ते २०२२ च्या दरम्यान फ्री डाउनलोड मॅनेजरच्याच साइटवरून काही लिनक्सवाल्यांना भेसळीच्या फाइलकडे वळवलं जात होतं. म्हणून चेकसम दिलेलं असेल तिथे जुळवाच.

शेड्युल लावूनही डाउनलोड झालं नाही अशी तक्रार येते, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, कॉम्प्युटर झोपला. स्क्रीन बंद झाली तर चालतं, स्लीप झाला तर चालत नाही. म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करा आणि लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. दुसरं कारण, काही लिंक थोड्या तासांसाठीच चालतात, संध्याकाळी लावलेली लिंक पहाटे मेलेली असते. आणि काही सर्व्हर मध्येच तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करू देत नाहीत, शून्यापासून सुरू होतं. हे आधीच तपासता येतं: डाउनलोड संध्याकाळीच सुरू करा, थोडं होऊ द्या, पॉज करा, परत चालू करा. होतं तिथूनच पुढे गेलं तर निर्धास्त रात्रीवर टाका. परत शून्यावर गेलं तर ती फाइल तुम्ही जागे असतानाच उतरवा.