भारताची रग्बी: नाशिकमधून बघताना

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकमध्ये रग्बीवर तावातावानं वाद घालणारी माणसं आहेत, असं सांगितलं तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते खरं वाटणार नाही. पण आहेत. संख्येनं थोडी, आवाजानं भरपूर. देवळालीकडे राहणारे काही निवृत्त फौजी आहेत, त्यांनी पलटणीत असताना हा खेळ जवळून पाहिलाय. पुण्यामुंबईत शिकून परतलेली पोरंपोरी आहेत. दोनचार क्रीडाशिक्षक आहेत. ही मंडळी गंगापूर रोडला मिसळ खायला बसली की पाव संपायच्या आत प्रश्न निघतो: आपला भारतीय संघ नेमका आहे कुठे?

यात सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, पदकं येतायत, अजून काय पाहिजे? दुसरा म्हणतो, खालच्या वर्गातला नंबर काय मिरवता? मला दोघांचंही अर्धंच पटतं, आणि ते का, एवढंच आज सांगायचंय.

आधी पदकांकडे बघू. आपल्याकडे नाव घ्यावं अशी कामगिरी आहे ती मुलींची, आणि तीही सात-सात खेळाडूंच्या रग्बीत, म्हणजे सेव्हन्समध्ये. २०२२ साली जकार्तामध्ये आशियाई सेव्हन्स ट्रॉफी स्पर्धेत आपल्या मुलींनी रौप्यपदक मिळवलं, २०२४ मध्ये काठमांडूला पुन्हा रौप्य. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बिहारमधल्या राजगीरला वीस वर्षांखालच्यांची आशियाई स्पर्धा झाली, तिथे मुलींना कांस्य मिळालं. पंधरा जणींच्या रग्बीत आपला महिला संघ उतरला तोच मुळी २०१८ मध्ये. पुढच्याच वर्षी फिलिपिन्समध्ये त्यांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. अखेरच्या क्षणांत ओडिशाच्या सुमित्रा नायकनं पेनल्टी किक मारली आणि आपल्या महिला संघाला पंधराच्या खेळातला पहिला विजय मिळाला. किक मारणारी ही मुलगी भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत वाढलेली. तेव्हा पहिल्या तटाचं म्हणणं खोटं नाही.

आता दुसरी बाजू. ही ट्रॉफी स्पर्धा म्हणजे आशियातली दुसरी पायरी. वरच्या पायरीवर जपान, चीन, हाँगकाँग आहेत. त्यांच्याशी गाठ पडली की काय होतं, ते २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत दिसलं. जपान आणि हाँगकाँगसमोर आपल्याला एकही ट्राय करता आला नाही; ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवणं. याच चीनच्या मुली पॅरिस ऑलिंपिकमध्ये सहाव्या आल्या. म्हणजे आशियातली वरची पायरी आणि जगातली वरची पायरी यांत अंतर फारसं उरलेलं नाही. खरं अंतर आहे ते आशियातल्याच दोन पायऱ्यांमध्ये.

हे अंतर गुणफलकावर इतकं भयंकर का दिसतं, ते नियम माहीत असला की कळतं. सेव्हन्समध्ये ज्या संघानं गुण मिळवले, तोच संघ पुन्हा किक मारून खेळ सुरू करतो. पंधराच्या खेळात उलट असतं, तिथे गुण खाल्लेला संघ किक मारतो. आता विचार करा. जपाननं ट्राय केला, जपानच किक मारणार, आणि हवेत उंच गेलेला चेंडू त्यांच्याच उंच उडी घेणाऱ्या मुलीनं झेलला, तर आपल्या हाती चेंडू आलाच नाही. सात मिनिटांचा हाफ असतो. त्यातली पाच मिनिटं चेंडू समोरच्यांकडे राहिला, तर धावून धावून छाती फुटते आणि मग टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणारीला धरून खाली पाडणं, चुकायला लागतं. मैदान मात्र पंधरा जणांचंच, शंभर मीटर लांब. एक टॅकल चुकला की मागे अडवायला कुणीच नसतं.

म्हणून माझ्या मते आपल्या संघाची खरी परीक्षा रीस्टार्टला, म्हणजे गुण झाल्यावरच्या त्या किकला होते आणि टॅकल झाल्यानंतरच्या दोन सेकंदांत होते. धावण्यात आपल्या मुली कमी नाहीत. बिहारची स्वीटी कुमारी मुळात स्प्रिंटर. तिला मोकळी जागा मिळाली की आशियात तिच्यामागे धावणं सोपं नाही. पण मोकळी जागा मिळायला आधी चेंडू हातात यावा लागतो. टॅकल झालेल्या खेळाडूनं चेंडू सोडायचा असतो, आणि त्या क्षणी तिच्यावर कोण आधी पोचतं, आपली की त्यांची, यावर सगळं ठरतं. हे अंदाजाचं काम आहे. किती पावलं मागे राहायचं, कधी वाकायचं, कधी जाऊच नये, हे सरावात थोडंफार येतं. अंगात मुरतं ते सामन्यांत, आणि तेही आपल्यापेक्षा बऱ्या संघांशी झालेल्या सामन्यांत.

इथेच सगळं अडतं. आपल्या संघाला वर्षात मोजके आंतरराष्ट्रीय सामने मिळतात. शिबिर, विमान, दोन दिवसांची स्पर्धा, आणि सगळ्या जणी घरी. रग्बी इंडिया या देशातल्या रग्बी संघटनेनं परदेशी प्रशिक्षक आणले, आणि ते लहानसहान नव्हते. दक्षिण आफ्रिकेचे माजी खेळाडू नास बोथा येऊन गेले. फिजीचे सेव्हन्समधले दिग्गज वैसाले सेरेव्ही आले. ज्यांना सेव्हन्सचं नाव घेताच हा माणूस आठवतो, त्यांना याचं मोल कळेल. पण प्रशिक्षक केवढाही मोठा असो, पोरींना सामनेच मिळाले नाहीत तर त्यानं शिकवलेलं उतरायचं कुठे?

पुरुष संघाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. भारत पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला १९९८ मध्ये. त्या संघात राहुल बोस होते. हो, तेच अभिनेते. पुढे तेच रग्बी इंडियाचे अध्यक्ष झाले. तेव्हापासून आजतागायत पंधराच्या खेळात आपण आशियाच्या खालच्या गटांतच फिरतोय. आमच्यातल्या एका सुभेदारसाहेबांचं ठाम मत आहे की पंधराची रग्बी हीच खरी रग्बी, सेव्हन्स म्हणजे नुसती पळापळ. साहेबांचा मान राखून सांगतो, पंधराच्या रग्बीत स्क्रम असतो, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांत अडकून ढकलाढकली करतात, आणि जगातल्या वरच्या संघांच्या स्क्रममधल्या आठ जणांचं वजन मिळून नऊशे किलोच्या आसपास भरतं. तसे आठ जण नुसते सापडून भागत नाही, वर्षानुवर्षं त्यांना एकमेकांच्या खांद्यात खांदा घालून ढकलायला शिकवावं लागतं. त्यासाठी क्लब लागतात आणि दर आठवड्याला सामने लागतात. मुंबई, कोलकाता, सैन्यदल असे थोडे बालेकिल्ले सोडले तर ते आपल्याकडे नाही. ऑलिंपिकमध्ये खेळ आहे सेव्हन्सचा, सरकारचा पैसाही तिकडेच जाणार. तेव्हा पंधराच्या पुरुष संघाकडून पुढची काही वर्षं मी तरी फार अपेक्षा ठेवत नाही.

खरं तर भारतात हा खेळ जुना आहे. कलकत्त्यात १८७२ च्या नाताळाच्या दिवशी सामना झाला, त्यातून क्लब निघाला, आणि पुढे सभासद गळाले तसा बंदही पडला. बँकेत उरलेले चांदीचे रुपये त्यांनी वितळवले आणि एक करंडक घडवला. नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. तोच कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी १८७९ पासून झुंजतायत. चांदी आपल्याकडची आणि खेळ त्यांचा, असा हा व्यवहार झाला. असो.

२०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, चार-चार मिनिटांचे चार डाव, आणि चेन्नई बुल्स विजेते. लिलावात सगळ्यात महाग भारतीय ठरला मोहित खत्री, पावणेपाच लाखांना. आयपीएलचे आकडे ऐकणाऱ्या कानांना हे काहीच वाटणार नाही, पण रग्बीपटूच्या घरी हे पैसे पहिल्यांदाच आले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपली पोरं दोन आठवडे ऑलिंपिक खेळलेल्या परदेशी खेळाडूंच्या बरोबरीनं एकाच संघातून खेळली. पास कुठून येणार हे बघायच्या आधी हात तयार ठेवायचे, ही सवय अशानंच लागते.

पण माझी तक्रार इथेच आहे. पहिल्या मोसमात ही लीग फक्त पुरुषांची होती! पदकं कुणाची? मुलींची. सामन्यांची जास्त गरज कुणाला? मुलींना. आणि दोन आठवडे जागतिक दर्जाच्या खेळाडूंसोबत घालवायला मिळाले कुणाला? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनच्या ट्विकनहॅमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, इंग्लंड विरुद्ध कॅनडा. बघायला ८१ हजारांहून जास्त माणसं होती. मुलींची रग्बी कुणी बघत नाही, हे कारण त्यामुळे चालणार नाही.

भविष्याचा विषय निघाला की आमच्यातले निराशावादी म्हणतात, छे, आपल्या अंगात हा खेळच नाही. त्यांना मी जपानचं उदाहरण देतो. १९९५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडनं जपानला १४५-१७ असं धुतलं होतं. बरोबर वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच जपाननं ब्रायटनला दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवलं. २०१९ मध्ये घरच्या मैदानावर आयर्लंड आणि स्कॉटलंड दोघांनाही लोळवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. मधल्या वीस वर्षांत जपानी माणसांची हाडं बदलली नाहीत. त्यांच्याकडे तोशिबा, सनटोरी, कोबे स्टील अशा कंपन्यांचे संघ होते, खेळाडूला पगार होता, आणि सामने अखंड चालू होते. आपल्या सातपूर-अंबडच्या कंपन्या क्रिकेटच्या स्पर्धेला टी-शर्ट छापतातच की. एखादीनं सात जणींचा संघ पाळला तर खर्च किती येणार? मैदानात सात, बदली पाच, एक चेंडू, आणि प्रत्येकीला दातांसाठी माउथगार्ड.

आणि खेळाडू? नाशिक जिल्ह्यात येऊन हा प्रश्न विचारू नये. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई खेळांत रौप्य मिळवलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेला, तिथे रोइंग शिकला आणि थेट रिओ ऑलिंपिकला पोचला. त्याच्या गावाकडे पिण्याच्या पाण्याची मारामार, आणि हा गडी पाण्यावर नाव वल्हवून देशासाठी खेळला. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण या तालुक्यांतल्या आश्रमशाळांत कबड्डी आणि धावणं रोजचं आहे. ओडिशानं जे केलं ते अशाच मुलांमधून केलं. फरक इतकाच, की तिथे राहणं, खाणं, शाळा आणि रग्बी एकाच आवारात आलं.

कबड्डीचं मात्र जपून म्हटलं पाहिजे. कबड्डी खेळणारी मुलगी रग्बीत लगेच चमकेल, असं पुष्कळ जण समजतात. कमरेत वाकून मांडीला भिडायची भीती तिला नसते, हे खरं. पण कबड्डीत पकड केली की सोडायची नसते आणि रग्बीत खाली पाडलं की ताबडतोब सोडायचं असतं, नाहीतर पेनल्टी. हातांना लागलेली सवय मोडायला महिने जातात. आमच्यातले क्रीडाशिक्षक म्हणतात, त्यापेक्षा धावणारी मुलगी बरी, तिला सगळंच नव्यानं शिकवता येतं. मलाही तसंच वाटतं.

पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: याचा उपयोग काय? त्याला आता उत्तर आहे. केंद्र सरकारनं २०२० मध्ये नोकऱ्यांच्या खेळाडू कोट्यातल्या खेळांची यादी ४३ वरून ६३ वर नेली. मल्लखांब त्यात आला, तशी रग्बीही आली. गावात हे कुणाला माहीत नसतं, म्हणून रेडिओवर मुद्दाम सांगतोय. मैदानाचंही सांगतो. एरवी आपली मैदानं इतकी टणक की त्यावर टॅकल शिकवणं म्हणजे खांदे आणि गुडघे सोलवटून घेणं. पण जून ते सप्टेंबर इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला माती अशी मऊ होते की पडायला शिकवण्यासाठी याहून चांगली जागा नाही. डोकं बाजूला ठेवून खांद्यानं भिडायचं आणि चेंडू छातीशी धरून कुशीवर पडायचं, हे आधी शिकवावं, मगच सामना. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद, यात तडजोड नको.

मग अंदाज काय? २०२८ चं लॉस एंजेलिस मला अवघड वाटतं. ऑलिंपिकला फक्त बारा संघ असतात, आणि आशियाच्या वाट्याला येणाऱ्या जागेसाठी जपान आणि चीन आधीच उभे आहेत. २०३२ च्या ब्रिस्बेनला आपण पोचू, यावर मात्र मी सुभेदारसाहेबांशी पैज लावायला तयार आहे, मुलींच्या संघापुरती. आज चौदा-पंधराची असलेली मुलगी तेव्हा ऐन विशीत असेल. राजगीरला कांस्य जिंकलेल्या मुली तिच्या थोड्या पुढे असतील. या सगळ्यांना वर्षाला पंचवीसएक चांगले सामने मिळाले, त्यातले निम्मे तरी वरच्या पायरीवरच्या संघांशी, तर सुभेदारसाहेब पैज हरतील. नाही मिळाले, तर मी.

नमस्कार.