तीन बोटांखालचं

नमस्कार श्रोतेहो. हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवता का? कणीक मळत असाल तर हात पुसून घ्या. गाडी चालवत असाल तर मात्र नुसतं ऐका.

डाव्या हाताचा तळवा वर करा आणि उजव्या हाताच्या पंजात ते मनगट खालून धरा. अंगठ्याच्या बाजूने मनगटाच्या घडीपासून जरासं कोपराकडे सरकलात की हाडाचा उंचवटा लागेल. त्याच्या आतल्या अंगाला मधलं बोट टेका, घडीकडे तर्जनी, कोपराकडे अनामिका. बोटं थोडी वाकलेली हवीत, टोकं एका ओळीत. ठोका लागला? मग बोटं तशीच राहू द्या.

चिनी वैद्य शतकानुशतकं बोटं याच जागी ठेवत आले आहेत. मधल्या बोटाखालच्या जागेला ते ‘ग्वान’ म्हणतात, म्हणजे नाकं. सरहद्दीवर असतं तसं. तर्जनीखाली ‘त्सुन’ आणि अनामिकेखाली ‘छ’. ही नावं मापांची आहेत. नाक्यापासून तळव्याकडे एक चिनी इंच, कोपराकडे एक चिनी फूट. डाव्या हातावर हृदय, यकृत, मूत्रपिंड आणि उजव्यावर फुप्फुस, प्लीहा, पुन्हा मूत्रपिंड, अशी साधारण वाटणी सांगतात. तिच्यावरून ग्रंथाग्रंथांत वाद आहेत, त्यात आपण नको पडायला. बोटं आधी अलगद ठेवायची, मग थोडी दाबायची, मग पार हाडापर्यंत. तीन जागा, तीन दाब, असे एका मनगटावर नऊ कौल.

आता मोजायचं कसं? घड्याळ नाही. वैद्याचा स्वतःचा श्वास हेच घड्याळ. त्याने एक श्वास घेऊन सोडेपर्यंत रोग्याचे 4 ते 5 ठोके पडले तर नाडी ठीक. त्याहून कमी पडले तर मंद, 6 किंवा जास्त पडले तर जलद. मिनिटाला 16 श्वास धरले तर 4 ठोक्यांनी 64 होतात, म्हणजे हिशेब आपल्या नर्सबाईंच्या आकड्याशी जुळतो. पण यात एक मेख आहे. जिना चढून धापा टाकत आलेल्या वैद्याला नाडी बघताच येणार नाही! आधी त्याने स्वतः शांत व्हायचं. सकाळी, पोटात काही जायच्या आधी नाडी बघावी, असंही जुने ग्रंथ सांगतात. इंग्लंडात जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरने नाडीसाठी मिनिटभर चालणारं खास घड्याळ करवून घेतलं आणि 1707 साली त्यावर पुस्तक लिहिलं. चिनी नाडीपरीक्षेचा सारांशही त्याने दिला होता. डॉक्टरांच्या हाती घड्याळ आलं, तो काळ हा असा.

मोजणं सोपंच आहे. अवघड आहे ते बोटाला जे लागलं ते दुसऱ्याला सांगणं. रंग दाखवता येतो, आवाज ऐकवता येतो. स्पर्श कसा पोहोचवायचा? तिसऱ्या शतकात वांग शुहे याने ‘मायजिंग’ हा नाडीवरचा ग्रंथ रचला आणि नाडीचे 24 प्रकार सांगितले. प्रस्तावनेत तो कबूल करतो, की मनात सगळं लख्ख असतं, बोटाखाली मात्र उमगत नाही. मला हा माणूस या एका वाक्यासाठी आवडतो.

मग चिनी वैद्यांनी उपमांचा आधार घेतला. 1564 साली ली शिजेन याने 27 नाड्यांवर पाठ करायला सोपी पद्यं रचली. निसटती नाडी म्हणजे ताटलीत घरंगळणारे मोती. खरबरीत नाडी म्हणजे सुरीने बांबू खरवडणं. ताठ नाडी म्हणजे वाद्याची ताणलेली तार. पण माझी आवडती नाडी स्वयंपाकघरातली आहे. पातीच्या कांद्याची एक जाड पात घ्या आणि हलकेच दाबा. कडा लागतात, मधे पोकळ. बोटाला तसं लागलं तर माणसाचं बरंच रक्त गेलेलं आहे, असं समजायचं. आता हे निव्वळ कविकल्पना म्हणून सोडून देता येत नाही. रक्त कमी झालं की नाडीचा भरीवपणा जातो, हे आजचे डॉक्टरही सांगतील.

मरणाजवळच्या नाड्यांची तर वेगळीच यादी आहे. चिमणी टकटक दाणे टिपते आणि मधेच थांबते, तशी एक. गळक्या छपरातून थेंब पडतो, मग कितीतरी वेळ काही नाही, मग पुन्हा एक थेंब, तशी दुसरी. पावसाळ्यात पातेलं लावून रात्र काढलेल्यांना ही नाडी वेगळी समजावायला नको.

आपल्याकडे आयुर्वेदातल्या ‘शार्ङ्गधरसंहिते’त असंच आहे. वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी उड्या मारणारी, कफाची हंसासारखी. चरक-सुश्रुतांत मनगटावरच्या या परीक्षेचं प्रकरण सापडत नाही. शार्ङ्गधर मात्र अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या या धमनीला ‘जीवसाक्षिणी’ म्हणतो. काय शब्द आहे! नाहीतर आपल्याला नाडी म्हटलं की आधी लेंग्याची आठवते.

पण ही साक्ष कितपत धरायची? ठोका चुकतोय, नाडी क्षीण आहे, पळतेय, हे बोटांना कळतं. मूत्रपिंडाचं दुखणं अनामिकेखाली लागतं, हे मला पटत नाही. एकच हात दोन वैद्यांनी बघितला तर निदान अनेकदा वेगळं येतं. चीनमध्येच 2014 साली बीजिंगच्या एका डॉक्टरने आव्हान दिलं होतं: निव्वळ नाडीवरून गर्भवती ओळखून दाखवा, 80 टक्के बरोबर आलं तर 50,000 युआन. गर्भवतीची नाडी घरंगळत्या मोत्यांची, असं परंपरा सांगते. एकजण तयारही झाला. चाचणी काही झाली नाही. एक मात्र लक्षात ठेवायला हवं, की परंपरेनेही एकट्या नाडीवर विसंबायला सांगितलेलं नाही. पाहणं, ऐकणं-हुंगणं, विचारणं आणि मग हात लावणं, असा चौघांचा क्रम आहे आणि नाडी त्यात शेवटी येते. नुसती नाडी धरून सगळं घडाघडा सांगणारा वैद्य गोष्टीत शोभतो.

आणि घाई? इसवी सन 200च्या सुमाराला झांग झोंगजिंग नावाचा वैद्य आपल्या भाईबंदांवर चिडून लिहितो, की हे लोक ‘त्सुन’ बघतात, ‘छ’पर्यंत जात नाहीत. हात धरतात, पायाची नाडी बघत नाहीत. आणि 50 ठोकेही पुरते मोजत नाहीत. 50 ठोके म्हणजे जेमतेम मिनिटभर. तेवढा वेळ आपला हात शेवटचा कोणी धरला होता, आठवतंय?

बोटं अजून मनगटावर आहेत ना? कुणाला ठोका लागलाच नसेल तर घाबरू नका. काहींची धमनी वळसा घालून मनगटाच्या मागच्या बाजूने जाते. चिनी वैद्य तिला ‘फानग्वान’ म्हणतात, नाक्याला बगल देऊन गेलेली नाडी. दुखणं नव्हे, नुसती वेगळी वाट. हात पालथा करा आणि अंगठ्याच्या मुळामागे चाचपून बघा.