पत्रावरचे पंचवीस हजार

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी माझा भाचा घरी आला. चप्पल काढायच्या आधीच त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. बँकेचा मेसेज होता, १२,४३५ रुपये जमा. त्याचा पहिला पगार. डिप्लोमा झाल्यावर पोरगं सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत लागलं, पत्रावर वर्षाचे तीन लाख लिहिलेले. म्हणजे महिना पंचवीस हजार, असा हिशोब घरात सगळ्यांनी केला. बहिणीने गल्लीत पेढे वाटले. दिवाळीच्या पाडव्याला मोटारसायकल घरी आणायची आणि महिना सात हजारांचा हप्ता भरायचा, हेही ठरून गेलं. "मामा, निम्मे पैसे गेले कुठं?" एवढंच तो म्हणाला, पण आवाज दाटला होता.

मी छत्तीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. हजेरी, ओव्हरटाइम, पगार, हेच काम. पहिल्या पगाराला खिडकीशी येऊन हेच विचारणारी पोरं मी कितीतरी पाहिली. बहुतेकांना कुणी फसवलेलं नसतं. त्यांना पत्र वाचायला कुणी शिकवलेलं नसतं, आणि याचंच मला फार वाईट वाटतं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ येतं, पण स्वतःचा पगार काढता येत नाही.

आम्ही वही घेऊन बसलो. पत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात तक्ता होता. त्या पंचवीस हजारांना म्हणतात सीटीसी, म्हणजे तुमच्यापायी कंपनीला येणारा सगळा खर्च. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आणि घरभाडे भत्ता ५,०००. झाले वीस हजार. हाच खरा एकूण पगार. उरलेल्या पाच हजारांत कंपनी आपल्या बाजूने भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे फंडात (पीएफ) भरते ते १,८००, कामगार विम्याचे ६५० आणि ग्रॅच्युइटीसाठी धरलेले ७२१. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम; ती साधारणपणे पाच वर्षं नोकरी झाल्यावर मिळते, पण पत्रात ती पहिल्या महिन्यापासून मोजलेली असते. राहिले १,८२९. तो वर्षाअखेरचा प्रोत्साहन भत्ता, काम पाहून मिळणारा. हे पाच हजार दर महिन्याला खात्यावर येणारच नव्हते.

आता वीस हजारांतून कपात. फंड मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,८००. ईएसआय, म्हणजे तोच कामगार विमा, एकूण पगाराच्या पाऊण टक्का, १५०. व्यवसाय कर २००. हातात राहिले १७,८५०. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची किरकोळ रक्कम जाते, तिची काळजी नको.

मग १२,४३५ कसे? तो रुजू झाला १० सप्टेंबरला. तीस दिवसांपैकी एकवीस दिवस भरले, पगार झाला १४,०००. त्यातून फंडाचे १,२६०, विम्याचे १०५ आणि व्यवसाय कराचे २०० वजा करा. त्याने स्वतःच वजाबाकी केली, मेसेज पुन्हा उघडला आणि दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली.

पण लगेच दुसरी शंका. त्याच्याच तुकडीत, त्याच पगारावर, त्याच दिवशी लागलेल्या मुलीला दोनशे रुपये जास्त मिळाले होते. तिथेही चूक नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे. पुरुषांना ७,५०० पर्यंतच माफी, त्यापुढे १०,००० पर्यंत १७५ आणि वर २००.

या दोनशे रुपयांबद्दल मला थोडं बोलायचंय. १९७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. माझी आई बार्शी तालुक्यात खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी आमच्यासाठी दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून आणायची. दहा वर्षांचा होतो मी. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेचं मोल त्या दुष्काळात राज्याला पटलं, आणि तिच्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून गावातल्या मजुराला काम. हे ऐकल्यावर भाचा थोडा वेळ गप्प बसला.

फंडाकडे मात्र नीट लक्ष द्या. तुमचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० मिळून ३,६००. त्यातले १,२५० पेन्शनला जातात, २,३५० तुमच्या फंडाच्या खात्यात पडतात आणि त्यावर व्याज मिळतं. ते खरंच पडले का, हे पाहणं तुमचं काम. सरकारच्या उमंग अॅपवर पासबुक दिसतं.

हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण १९८४ साली मी माझ्या पहिल्या नोकरीवर लागलो. छोटा कारखाना होता. दोन वर्षं पगारातून फंड कापला गेला. मी कधी विचारलं नाही, विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. निवृत्तीच्या वेळी कागद काढले, तर त्या दोन वर्षांचा एक रुपयाही कुठे भरलेला नव्हता. कारखाना केव्हाच बंद पडलेला. जाब विचारायला दारही उरलं नव्हतं.

आणि नाव तपासा. आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आडनावं एका गल्लीत नांदतात. इंग्रजीत लिहिताना शाळेच्या दाखल्यावर 'डब्ल्यू' असतो, आधारवर 'व्ही'. रुजू होताना कुणी बघत नाही. पुढे फंड काढायच्या वेळी त्या एका अक्षरापायी महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. फंडाचा बारा अंकी क्रमांक, म्हणजे यूएएन, जन्मभर एकच असतो. नोकरी बदलली की नव्या ठिकाणी तोच द्या, दुसरा काढू देऊ नका. जुना फंडही मोडू नका, पुढे वळता करून घ्या. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि ती वर्षं अशीच जोडली जातात.

ईएसआयचे दीडशे रुपये वाया जातात असं समजू नका. पगार २१,००० पर्यंत असेल तर हा विमा लागू होतो, आणि त्यात तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही उपचार होतात. सोलापुरात कामगार विमा रुग्णालय आहे. कार्ड काढून घ्या आणि आईवडिलांची नावं आजच घाला. आजारी पडल्यावर धावपळ नको.

आयकराची भीती घरोघरी असते. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर लागत नाही. तीन लाखांच्या नोकरीत तो प्रश्नच नाही.

नोकरीचं पत्र हातात आलं की सही करण्याआधी एचआरला सरळ विचारा, "पूर्ण महिना भरला तर खात्यावर किती जमा होतील?" यात लाजण्यासारखं काही नाही. उत्तर लेखी मागा. खोलीचं भाडं, गाडीचा हप्ता, घरी द्यायचे पैसे, सगळं त्या आकड्यावर ठरवा.

भाचा दुसऱ्या दिवशी शोरूमला गेला आणि बुकिंग रद्द करून आला. ओळखीच्यांकडून वापरलेली गाडी बघू म्हणाला. नोव्हेंबरमध्ये पूर्ण महिन्याची स्लिप घेऊन आला तेव्हा रकमेआधी त्याने नावावर बोट ठेवलं, एकेक अक्षर आधार कार्डाशी ताडून पाहिलं, मग खाली आला. १७,८५०. त्यातले पाच हजार त्याने आईच्या हातात दिले होते.

नमस्कार.