कायद्यातली फट

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख दोनदा लिहिलेली असते, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी. नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात साक्षगंध उरकलेले असते, दारात मांडव घातलेला असतो, आणि कुणीतरी बालविवाहाची खबर देण्यासाठी मुलांच्या मदतीच्या 1098 या क्रमांकावर फोन केल्यामुळे ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस येऊन उभे राहतात, तेव्हा ते सगळ्यात आधी हाच कागद मागतात. बाप हात जोडतो, चारचौघांत अब्रू जाईल म्हणतो. आई सांगते की असे स्थळ पुन्हा मिळायचे नाही. त्या गलबल्यात ग्रामसेवकाला ठाम राहता येते, ते 2006च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात लग्नासाठी मुलीचे 18 आणि मुलाचे 21 हे वय कोणतीही सवलत न देता लिहिलेले आहे म्हणून. ‘पालकांची संमती असल्यास’ एवढे तीन शब्द त्यात घातले, तर त्याला आल्या पावली परत जावे लागेल, कारण संमती देणारे पालकच तर मांडव घालून बसलेले असतात.

राजस्थान विधानसभेने सप्टेंबर 2021मध्ये विवाह नोंदणीचे एक दुरुस्ती विधेयक मंजूर केले. वधूवर अल्पवयीन असतील तर 30 दिवसांच्या आत पालकांनी विवाहाची नोंद करावी, अशी तरतूद त्यात होती. नोंद केल्याने विवाह वैध ठरत नाही, असे सरकारचे म्हणणे होते, आणि कायद्याच्या भाषेत ते चुकीचेही नव्हते. परंतु सरकारी शिक्क्याचा कागद घरात आला की गावाच्या लेखी ते लग्न पक्के होते, आणि पुढच्या घराला तोच दाखला पुरतो. विरोध वाढल्यावर ऑक्टोबरमध्ये ते विधेयक परत मागवण्याची घोषणा झाली.

फट ठेवली की काय होते, हे या देशाने आधीच पाहिले आहे. मध्य प्रांताच्या सरकारात, म्हणजे इथेच नागपुरात, गृहखाते सांभाळलेले सर मोरोपंत जोशी संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याच्या कायदेशीर वयाचा विचार करणाऱ्या, समितीचे अध्यक्ष होते. त्या समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि 1929 साली अहवाल दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात बालविवाहाला बंदी घालणारा सारडा कायदा मंजूर झाला, मात्र अंमल 1 एप्रिल 1930पासून. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी घाईघाईने असंख्य चिमुरड्यांची लग्ने लावून टाकली.

पुढे 20 जुलै 1942 रोजी नागपुरातल्या दलित महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो स्त्रियांना सांगितले की मुलांना शिकवा आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका.

इराकमध्ये 2025च्या जानेवारीत विवाहाचे नियम धर्मपंथाप्रमाणे ठरवण्याची मुभा देणारी दुरुस्ती मंजूर झाली. लहान मुलींच्या विवाहाला वाट मिळेल, या भीतीने तिथल्या स्त्रिया त्याआधीच रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांची भीती आम्हांला पूर्णपणे समजते.

आपल्या कायद्यातही एक फट अजून आहे. लागलेला बालविवाह सहसा आपोआप रद्द होत नाही. तो रद्द करून घेण्यासाठी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत त्या मुलीने स्वतः न्यायालयात जायचे असते. कर्नाटकाने 2017मध्ये असे विवाह मुळातच अवैध ठरवले. महाराष्ट्रानेही तेच करावे, अशी आमची मागणी आहे, कारण सोळाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी विसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन, सासर आणि माहेर दोघांच्याही विरोधात, वकील शोधत नागपूरला कशी येणार?