छत्तीस बाइटची तार

नमस्कार मंडळी, आज माझ्या सगळ्यात आवडत्या अॅनिमेबद्दल, म्हणजे जपानी अॅनिमेशन सिरीजबद्दल बोलणारे, स्टाइन्स गेट. २०११ साली जपानच्या टीव्हीवर एप्रिल ते सप्टेंबर दाखवली, एकूण २४ भाग, व्हाइट फॉक्स स्टुडिओने केलेली, आणि त्याच्याआधी २००९ मधे त्याचा गेम आला होता. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी मी शेवट फोडणार नाही, पण मधलं थोडं फुटेल, सांभाळून घ्या.

गोष्ट घडते टोकियोच्या अकिहाबारात. खाली जुन्या डब्बा टीव्हीचं दुकान, वर भाड्याच्या खोलीत ओकाबे नावाचा कॉलेजचा पोरगा स्वतःला वेडा शास्त्रज्ञ म्हणवत बसलेला. तिथे मायक्रोवेव्हला मोबाइल जोडलेलाय आणि एक दिवस कळतं की त्यातून मेसेज मागच्या काळात जातो. सुरुवातीला माणूस जात नाही, मेसेज जातो, आणि तोसुद्धा फक्त ३६ बाइटचा. परत सांगतो, ३६ बाइट. म्हणजे जपानी लिपीतली १८ अक्षरं, बस.

आता हे ३६ बाइट मला कुणी समजावले ते सांगतो, कारण त्याशिवाय मला या सिरीजबद्दल बोलताच येत नाही.

माझे काका साताऱ्याला असतात, आयुष्यभर तार ऑफिसात काम केलेलं. मागे पाय मोडून प्लास्टरमधे होते तेव्हा मी आठ दिवस सोबतीला गेलो होतो, आणि दुपारी लॅपटॉपवर ही सिरीज लावायचो, रोज तीन भाग. काकांना इंग्रजी सबटायटल भरभर वाचता येईनात म्हणून मी बसल्याबसल्या मराठीत सांगत होतो. पहिले दोन दिवस ते नुसते हं हं करत होते. मग तो ३६ बाइटचा प्रसंग आला, पोरं बोटं मोजून मेसेज बसवतायत, आणि काका एकदम उठून बसले. म्हणाले, अरे ही तर तार आहे! तारेला शब्दावर पैसे, त्यामुळे खिडकीशी उभा माणूस एकेक शब्द खोडत बसायचा. आई आजारी आहे, खूप काळजी वाटते, जमेल तसं ये, हे सगळं खोडून शेवटी उरायचं मदर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली. चार शब्द. काका म्हणाले, मी चार शब्दच पाठवायचो, पण खोडलेलं सगळं मी वाचलेलं असायचं.

मी ही सिरीज तोवर दोनदा बघितली होती, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं की प्रत्येक मेसेजच्या मागे न मावलेलं केवढं काय काय आहे.

चौथ्या दिवशी बारावा भाग संपला. ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये, ओकाबेची लहानपणापासूनची मैत्रीण मायुरी, ते खिशातलं घड्याळ. काकांनी स्वतः लॅपटॉप मिटला आणि त्या संध्याकाळी चहासुद्धा घेतला नाही. पुढे ओकाबे आपल्या आठवणी मागच्या काळात पाठवून परत परत मागे जातो, परत परत तिला वाचवायला बघतो आणि वेळ काहीही करून तिला नेतेच. काका म्हणाले, तार फाडून टाकली म्हणून बातमी बदलत नाही रे.

आणि मग सहावा दिवस, सोळावा भाग. खालच्या टीव्हीच्या दुकानात काम करणारी सुझुहा टाइम मशीनने मागच्या काळात गेलीये आणि तिचं पत्र आत्ताच्या लोकांच्या हातात पडतं, आणि त्या पत्रात एकच गोष्ट, मी हरले, मी हरले, मी हरले. मी मराठीत सांगता सांगता थांबलो, कारण तेच तेच काय सांगणार. काका म्हणाले थांबू नको, तिने जेवढ्या वेळा लिहिलंय तेवढ्या वेळा वाच. मी वाचलं. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, तारेला एक शब्द पुरला असता, पण हिला ऐकायला कुणी नव्हतं म्हणून हिने पानभर लिहिलं. चाळीसेक वर्षं दुसऱ्यांचे निरोप हाताळलेला माणूस होता तो, त्यांना त्या पोरीचं कळलं.

तर या सिरीजचं बळ हे आहे. परत सांगतो, बळ मशीनमधे नाहीये, मेसेजच्या किमतीत आहे. एक मेसेज पाठवला की एका मुलीचा मेलेला बाप जिवंत होतो, आणि मायुरीला वाचवायचं तर तो मेसेज रद्द करून त्या मुलीकडून तिचा बाप परत काढून घ्यायचा. टाइम ट्रॅव्हलच्या बहुतेक गोष्टींत चूक सुधारली की सगळे खूश, इथे प्रत्येक सुधारणेचं बिल कुणाच्या तरी घरी जातं.

आणि हो, हल्ली लोक सगळं दीडपट स्पीडने बघतात ते मला अजिबात पटत नाही, जेवण काय दीडपट स्पीडने जेवता का, दिग्दर्शकाने शांतता ठेवलीये ती ऐका की जरा.

आता दोष, आणि ते आहेत. पहिले आठ-नऊ भाग फार रेंगाळतात, काका तर म्हणाले गाडी अजून यार्डातच फिरतेय. माझ्या ओळखीतले कितीतरी जण तिथेच सोडून गेले आणि मला त्यांचा राग येत नाही. दुसरं म्हणजे मुलींबद्दलचे चावट विनोद, ओकाबेचा मित्र हाशिदा, त्याच्या तोंडचे तर सतत, काकांपुढे मी ते गाळूनच सांगत होतो. आणि रुका, जो मुलगा म्हणून जन्मलाय आणि ज्याला मुलगी व्हायचंय, त्याचं दुःख खरं आहे पण सिरीज आधी त्यावर हसून घेते आणि मग अठराव्या भागात अचानक रडायला सांगते, हे मला आजही खटकतं. सिरीजमधल्या सर्न नावाच्या संशोधन संस्थेचा खलनायकी कारभारसुद्धा अर्धवटच राहतो, एवढी मोठी संस्था आणि आपल्याला दिसतात चार बंदूकवाले.

नवीन बघणाऱ्यांनी आधी हे २४ भाग बघा, २०१८ चा स्टाइन्स गेट झीरो त्याच्यानंतरच. आणि बारावा भाग रात्री एकट्याने बघू नका, घरातलं कुणीतरी शेजारी बसवा. काकांचं प्लास्टर निघाल्यावर त्यांचा फोन आला होता, विचारत होते, त्या सुझुहाचं पत्र कितव्या भागात होतं रे, तुझ्या काकूला दाखवायचंय.